कापडाखालचा भाव

जयपूरच्या जोहरी बाजारात रत्नांचा व्यवहार केवळ दुकानांच्या काचांआड होत नाही. गोपालजी का रास्ता, हल्दियों का रास्ता अशा गल्ल्यांत आणि त्यांच्या तोंडाशी दलाल उभे असतात. खिशातून कागदाची घडी निघते. घडीतले पाचूचे किंवा माणकाचे खडे तळहातावर घेऊन उजेडात निरखले जातात. येथवर सारे उघड असते. भाव ठरवण्याची वेळ आली की मात्र, या व्यापारातील जुन्या रीतीप्रमाणे, दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली जातात. बोटे धरली जातात, दाबली जातात, सोडली जातात. तोंडे मिटलेली, चेहरे निर्विकार. भोवती पाचदहा माणसे उभी असली तरी सौदा कितीला तुटला, हे रुमालाखालच्या दोन हातांखेरीज कोणालाही कळत नाही.

ही रीत आता विरळ होत चालली आहे. तरीही शब्दांवाचून माणसे एकमेकांशी कशी बोलतात, या प्रश्नाचा विचार करणाऱ्याने तिच्याकडे एकदा नीट पाहायला हवे. ‘देहबोली’ या विषयावर आज जे काही लिहिले आणि विकले जाते, त्याचा पाया एका समजुतीवर उभा आहे: जीभ खोटे बोलू शकते, देह मात्र खरे तेच सांगतो. डोळे, भुवया, हातांची चाळवाचाळव यांतून मन आपोआप बाहेर गळते आणि जाणत्याला ते वाचता येते, असे मानले जाते. जोहरी बाजारातला रुमाल या समजुतीच्या नेमका उलट साक्षीदार आहे. तेथे देह बोलतो, अगदी काटेकोर बोलतो. पण जेवढे दोघांनी आधी ठरवले आहे तेवढेच बोलतो.

सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये जयपूरची पायाभरणी केली. राजा स्वतः खगोलवेत्ता होता. विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने आखलेल्या या नगरात सरळ रस्ते, चौक आणि बाजार आधीपासून योजलेले होते. नव्या राजधानीत व्यापारी, सराफ आणि रत्नपारखी यांना मुद्दाम बोलावून वसवण्यात आले. सांगानेरी दरवाजापासून बडी चौपडपर्यंत जाणारा जोहरी बाजार त्या मूळ आखणीतलाच. २०१९ मध्ये युनेस्कोने जयपूरला जागतिक वारसा नगराचा दर्जा दिला तेव्हा ही नगररचनाच मुख्यतः विचारात घेतली गेली होती.

त्याच राजाच्या पदरी पंडित जगन्नाथ सम्राट होते. परंपरा त्यांना महाराष्ट्रीय मानते. ते अरबी शिकले आणि युक्लिडची भूमिती व टॉलेमीचे ज्योतिष त्यांनी अरबीमार्गे संस्कृतात आणले. एका भाषेतला अर्थ दुसऱ्या भाषेत नेण्यासाठी दरबारात विद्वानांना वर्षानुवर्षे खपावे लागत होते. बाजारातल्या व्यापाऱ्यांना मात्र आकडा एकमेकांपर्यंत पोचवण्यासाठी भाषांतराची गरज नव्हती. मारवाडी, गुजराती, फारसी, तेलुगू बोलणाऱ्यांची बोटे सारखीच पाच असतात.

ही बोटांची भाषा जयपूरहून कितीतरी जुनी आहे. १५१० मध्ये रोममध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात इटालियन प्रवासी लुडोविको दी वार्थेमा याने कालिकतच्या बाजारातील दलालांचे वर्णन केले आहे. तेथेही हात कापडाखाली, बोटांचा स्पर्श आणि तोंडातून शब्द नाही, अशाच पद्धतीने सौदे होत. सर्वांत तपशीलवार साक्ष मात्र झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए या फ्रेंच रत्नव्यापाऱ्याची आहे. सतराव्या शतकात त्याने पूर्वेकडच्या सहा सफरी केल्या आणि १६७६ मध्ये त्याचे प्रवासवर्णन पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा १८८९ सालचा इंग्रजी अनुवाद व्हॅलेंटाइन बॉल या, भारतात काम केलेल्या भूवैज्ञानिकाने केला. ताव्हेर्निएने आदिलशाही मुलखातील रावळकोंडा येथील हिऱ्यांच्या खाणीजवळचा बाजार पाहिला. खरेदीदार आणि विक्रेता शिंप्यांसारखे मांडी घालून समोरासमोर बसतात. एकजण कमरेचा शेला सोडतो, विक्रेता खरेदीदाराचा उजवा हात धरतो आणि शेल्याने दोन्ही हात झाकतो. त्याच दालनात इतर अनेक व्यापारी बसलेले असले तरी कोणाला काही कळत नाही, असे तो लिहितो.

त्याने संकेतही नोंदवून ठेवले. सबंध हात धरला तर एक हजार, आणि जितक्या वेळा दाबला तितके हजार. पाचही बोटे धरली तर पाचशे, एक बोट धरले तर शंभर. बोट मधल्या पेरापर्यंतच धरले तर पन्नास आणि केवळ टोकाचे पेर धरले तर दहा. समजा, भाव १,२६० सांगायचा आहे. हात एकदा दाबायचा, दोन बोटे धरायची, एक बोट अर्धे धरायचे, एकाचे टोक धरायचे. चार स्पर्शांत काम झाले. दहाच्या पटीत दहा हजारांपर्यंतचे भाव घेतले तर असे एक हजार वेगवेगळे आकडे होतात. क्लॉड शॅनन याने १९४८ मध्ये मांडलेल्या माहितीच्या सिद्धांतानुसार त्यांतला एक निवडून कळवणे म्हणजे सुमारे दहा बिट माहिती पाठवणे. ती माहिती चार-पाच स्पर्शांत, डोळ्यांची मदत न घेता, गजबजलेल्या बाजारात बिनचूक पोचत होती. बाजाराच्या कोलाहलाचा या वाहिनीवर काहीच परिणाम होत नाही, कारण तो कानांना ऐकू येतो आणि निरोप त्वचेतून जातो.

ताव्हेर्निएने आणखी एक चित्र रेखाटले आहे. दहा ते सोळा वर्षांची व्यापाऱ्यांची मुले गावच्या चौकात एका मोठ्या झाडाखाली रोज सकाळी बसत. प्रत्येकाच्या एका बाजूला हिऱ्यांची वजने, दुसऱ्या बाजूला पैशांची थैली. कोणी हिरा घेऊन आला की तो सर्वांत मोठ्या मुलाच्या हाती देत, मग हातोहात फिरवत, आणि दिवसअखेर हिशोब करून नफा वाटून घेत. बाजारातली चिन्हे अशी लहानपणापासून, मोठ्यांच्या सहवासात शिकली जात. ती अंगात उपजत नव्हती.

आपल्याकडे अशा भाषेला नावेही आहेत. हातांच्या खुणांनी बोलणे ती ‘करपल्लवी’, डोळ्यांच्या खुणांनी बोलणे ती ‘नेत्रपल्लवी’. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘अक्षरमुष्टिकाकथन’ ही एक कला आहे. करपल्लवीची जी पद्धत परंपरेने सांगितली जाते तीत हाताच्या एकेका आकाराला एकेक वर्ग नेमून दिलेला असतो. सापाचा फणा म्हणजे स्वर, कमळ म्हणजे क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग. त्यानंतर बोटांच्या संख्येने त्या वर्गातले अक्षर दाखवायचे. वर्णमाला ज्या तर्काने रचलेली आहे त्याच तर्कावर ही खूण उभी आहे. ज्याला वर्णमाला येत नाही त्याला ती कळणार नाही. म्हणजे ‘अशाब्दिक’ म्हणवली जाणारी ही खूणसुद्धा शब्दांच्याच घरात जन्मलेली आहे.

मग व्यापाऱ्यांनी शब्द का टाकले? पहिले कारण उघड आहे. रत्नाला ठरलेला बाजारभाव नसतो. प्रत्येक खडा वेगळा. रंग, तेज, डाग, वजन यांवरून त्याची किंमत दर वेळी नव्याने ठरते. एका सौद्याचा आकडा चौघांच्या कानी पडला तर पुढच्या सौद्यात तोच आकडा पायातली बेडी होतो. दुसरे कारण अधिक मानवी आहे. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन याने १९५५ मध्ये ‘तोंड राखण्या’च्या व्यवहाराचा अभ्यास मांडला. माणसे परस्परांशी बोलताना सतत आपली आणि समोरच्याची पत सांभाळत असतात, हे त्याचे सूत्र. चारचौघांत मोठ्याने मागितलेला भाव नाकारला गेला तर मागणाऱ्याचा कमीपणा होतो. देणाऱ्याने आकडा खाली आणला तर त्याचाही होतो. रुमालाखाली नाकारलेल्या भावाचा मागमूस राहत नाही. हात सुटले की काही घडलेच नव्हते, असे दोघेही वागू शकतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकमेकांपुढे बसू शकतात.

तिसरे कारण संकेत पडताळण्याचे. ताव्हेर्निएच्या पद्धतीत बोट धरले तर शंभर, हे झाले. पण समोरच्याला ते बरोबर पोचले हे कसे कळणार? मानसभाषावैज्ञानिक हर्बर्ट क्लार्क आणि सुसन ब्रेनन यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की संभाषण म्हणजे नुसते बोलणे आणि ऐकणे नव्हे. ‘कळले’ ही पावती दोघांनी मिळून सतत फाडायची असते. फोनवरचा हुंकार ही पावती. मान डोलावणे ही पावती. कापडाखाली दोन्ही हात एकमेकांत असल्याने ज्याने आकडा दिला त्यालाच तो परत दाबून दाखवता येतो. विचारणे आणि पावती देणे हे एकाच वाहिनीतून होते.

१९६९ मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिझन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दोन महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध केले. एकात त्यांनी देहाच्या हालचालींचे वर्ग पाडले. ज्या हालचालींचा अर्थ समूहाला ठाऊक असतो आणि ज्यांच्या जागी सरळ शब्द ठेवता येतो, अशा खुणांना त्यांनी वेगळा वर्ग दिला. बोलण्याला साथ देणारे हातवारे, भावना दाखवणारे चेहरे, नकळत होणारी चाळवाचाळव हे त्यांचे इतर वर्ग. दुसऱ्या निबंधात त्यांनी ‘गळती’ची कल्पना मांडली. चेहऱ्यावर सर्वांचे लक्ष असते, म्हणून माणूस चेहरा सर्वाधिक सांभाळतो. हातापायांकडे दुर्लक्ष होते, म्हणून मनातले त्यांच्यातून गळण्याचा संभव अधिक, असे त्यांचे म्हणणे. कापडाखालच्या व्यवहारात ही मांडणी उलटी होते. खरा निरोप हातांत असतो आणि हात झाकलेले असतात. उघडा असतो तो चेहरा, आणि त्यावर वाचण्याजोगे काही ठेवलेलेच नसते.

अर्थात हात कापडाखाली असले तरी ते यंत्र नव्हे. एखादी पकड क्षणभर जास्त टिकते, एखादा हात घाईने सुटतो. मुरलेला दलाल त्यावरूनही काही ताडत असणार. गॉफमनने हाच भेद केला होता. माणूस जे देतो ते एक आणि त्याच्याकडून जे निसटते ते दुसरे. दोन्हींना आपण सरसकट ‘देहबोली’ म्हणतो आणि घोटाळा तेथेच सुरू होतो. धरलेल्या बोटांचा आकडा हा करार आहे. घाईने सुटलेल्या हातावरून बांधलेला तर्क हा अंदाज आहे. कराराला चूक ठरवण्याची सोय असते, कारण दोघेही तो जाणतात. अंदाज बांधणारा एकटाच असतो.

या अंदाजाला विज्ञानाचा मुलामा कसा चढला, त्याचा इतिहास बोधप्रद आहे. संवादकौशल्याच्या जवळपास प्रत्येक शिबिरात एक आकडा ऐकवला जातो: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, स्वराचा ३८ टक्के आणि देहाचा ५५ टक्के. हा आकडा कॅलिफोर्निया विद्यापीठातील अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून आला. विद्यार्थिनींच्या लहान गटांना वेगवेगळ्या स्वरांत उच्चारलेले सुटे शब्द ऐकवण्यात आले, चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवण्यात आली आणि बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, हे ओळखायला सांगण्यात आले. शब्द, स्वर आणि चेहरा परस्परांशी विसंगत असतील तर माणसे कशावर भिस्त ठेवतात, एवढाच तो प्रश्न होता. हे समीकरण भावना आणि आवडनिवड यांबद्दलच्या बोलण्यापुरतेच आहे, असे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केले आहे. पण आकडा अटींना मागे टाकून जगभर पोचला. तो खरा असता तर मराठी न येणाऱ्याला मराठी व्याख्यानाचा ९३ टक्के भाग समजायला हवा होता.

देहावरून खोटे ओळखण्याच्या दाव्याचेही असेच झाले. २००३ मध्ये बेला डीपॉलो आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनातील १५८ लक्षणांचा एकत्रित आढावा घेतला. बहुतेक लक्षणांचा खोटेपणाशी संबंध नव्हता किंवा अगदी पुसट होता. २००६ मध्ये चार्ल्स बाँड आणि डीपॉलो यांनी २४ हजारांहून अधिक लोकांच्या निर्णयांचे विश्लेषण केले. खरे-खोटे ओळखण्यातील त्यांचे सरासरी यश ५४ टक्के निघाले. नाणे उडवून निर्णय घेतला तर ५० टक्के मिळतात. हे निष्कर्ष हाती असतानाही अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांच्या वागणुकीवरून संशयित हेरणारे अधिकारी नेमण्यात आले. २००७ पासून या उपक्रमावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाल्याचे आणि त्याला पुरेसा वैज्ञानिक आधार नसल्याचे तेथील सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये नोंदवले.

चेहऱ्याचे काय? लिसा फेल्डमन बॅरेट आणि चार सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या विषयावरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला. रागावलेला माणूस कपाळाला आठ्या घालतो, असे आपण गृहीत धरतो. आढाव्यातून दिसले ते असे की राग आलेला असताना माणसे सरासरीने ३० टक्क्यांहून कमी वेळा तसा चेहरा करतात. उरलेल्या वेळी ती गप्प असतात, हसतात, रडतात किंवा काहीच दाखवत नाहीत. उलटपक्षी, कपाळावरची आठी एकाग्रतेची असू शकते, उन्हाची असू शकते, पोटदुखीची असू शकते. चेहरा काहीच सांगत नाही, असा याचा अर्थ नाही. ओळखीच्या माणसाचा चेहरा आपण वाचतो आणि बहुधा बरोबर वाचतो; पण तेव्हा चेहऱ्याखेरीज त्याचा स्वभाव, त्याचा दिवस, त्याचे आपल्याशी असलेले नाते हे सारे आपण जाणून असतो. कापडाखालच्या बोटांनाही हेच लागू आहे. धरलेली तीन बोटे तीनशे की तीन हजार, हा प्रश्न कित्येकदा खडा पाहूनच सुटतो. अर्थ खुणेत थोडा आणि दोघांच्या सामाईक ज्ञानात पुष्कळ असतो.

येथवर रुमालाचे कौतुक झाले. त्याची दुसरी बाजू पाहण्यासाठी जयपूर सोडून महाराष्ट्रातल्या धान्याच्या आणि कापसाच्या बाजारात यावे लागते, कारण हीच रीत येथे वेगळ्या माणसांच्या हाती पडली. तिचे नाव ‘हत्ता पद्धत’. जयपुरात रुमालाखाली दोन रत्नपारखी असतात; दोघांनाही माल कळतो, भाव कळतो, खुणा कळतात. कापसाच्या किंवा धान्याच्या बाजारात शेतकऱ्याचा माल अडत्या विकत असे. कापडाखाली एक हात अडत्याचा आणि दुसरा खरेदीदार व्यापाऱ्याचा. माल ज्याचा, तो शेतकरी गाडीशी उभा. किती भाव मागितला गेला, कोणी जास्त दिला होता, कोणता आकडा नाकारला, यांपैकी काहीही त्याला दिसत नसे. हात सुटल्यावर अडत्या सांगेल तो भाव. त्यातूनही पुढे तोलाई, हमाली आणि कडता वजा होत. गुरांच्या बाजारातही टॉवेलाखाली दलालांची बोटे अशीच बोलत आणि बैल आणणारा त्यांच्या तोंडाकडे पाहत राही.

अडत्या लबाडच असे, असे मानण्याचे कारण नाही. पण त्याची जागाच अवघड होती. शेतकरी त्याच्याकडे वर्षातून एकदा-दोनदा येणार; व्यापाऱ्याशी त्याची गाठ रोजची. रोजच्या माणसाचे तोंड राखणे आणि वर्षाच्या माणसाचा भाव राखणे यांत ओढाताण झाली, तर कापडाखाली कोणाची सरशी झाली हे तपासण्याचा मार्गच नव्हता. व्यापाऱ्यांची पत सांभाळणारा तोच पडदा शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे भिंत होऊन उभा राहिला.

या भिंतीविरुद्धची लढाई वऱ्हाडात सुरू झाली. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये १८८६ मध्ये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद केली जाते. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. भारतीय शेतीची पाहणी करणाऱ्या शाही आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांचा देशभर विस्तार करण्याची शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९२७ मध्ये कापूस बाजारांचा आणि १९३९ मध्ये कृषी उत्पन्न बाजारांचा कायदा झाला. स्वतंत्र महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. बाजार समित्या, परवाने, प्रमाणित वजने यांबरोबरच या साऱ्या खटपटीचा एक गाभा होता: भाव उघड लिलावात, सर्वांच्या कानांवर पडेल असा पुकारला गेला पाहिजे. कापडाखालच्या सौद्याला नियंत्रित बाजारात जागा उरली नाही. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेला ‘ई-नाम’ हा राष्ट्रीय संगणकीय बाजारही त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे. लिलाव उघड झाल्याने शेतकऱ्याच्या साऱ्या अडचणी संपल्या नाहीत, हे कोणत्याही बाजार समितीच्या आवारात दिसते. पण निदान आपल्या मालाला कोणी काय मागितले, हे ऐकण्याचा हक्क त्याला मिळाला. एका खुणेच्या भाषेवर कायद्याने बंदी घातली जावी आणि ती न्यायाची बाब ठरावी, असे प्रसंग इतिहासात थोडे आहेत.

तेव्हा एकच रुमाल जोहरी बाजारात सभ्यता ठरतो आणि कापूस बाजारात अन्याय. फरक खुणांत नाही. व्यवहार ज्याचा, तो कापडाच्या आत आहे की बाहेर, यात आहे.

हा निकष आजच्या एका प्रश्नाला लावून पाहण्यासारखा आहे. जोहरी बाजाराच्या उत्तर टोकाला, बडी चौपडजवळ, हवामहल उभा आहे. सवाई प्रतापसिंह यांनी तो १७९९ मध्ये बांधला. त्याच्या ९५३ झरोक्यांमागून राजघराण्यातील स्त्रिया रस्त्यावरचा बाजार आणि मिरवणुका पाहत. रस्त्यावरच्या माणसाला मात्र जाळीमागे कोण आहे, हे दिसत नसे. कापडाखाली दोघे एकमेकांना जाणतात आणि जगाला दिसत नाहीत. जाळीमागून एक जण सर्वांना पाहतो आणि स्वतः दिसत नाही. चेहऱ्यावरून भावना ओळखणारा कॅमेरा या दुसऱ्या जातीचा आहे. जानेवारी २०२१ मध्ये लखनऊ पोलिसांनी अशी योजना जाहीर केली की रस्त्यावरील स्त्रीच्या चेहऱ्यावरील त्रस्त भाव ओळखून कॅमेरा पोलिसांना इशारा देईल. हेतू संरक्षणाचा होता. पण चिंतेत असलेली, उन्हाने त्रासलेली, घरच्या भांडणाने रडकुंडीला आलेली आणि खरोखर संकटात सापडलेली स्त्री यांच्यातला भेद केवळ चेहऱ्यावरून करता येतो, असे संशोधन सांगत नाही. शिवाय संकटात सापडलेली एखादी स्त्री चेहरा निर्विकार ठेवेल, कारण तेच तिला त्या क्षणी सुरक्षित वाटेल.

हीच तंत्रे नोकरीच्या मुलाखती, वर्गातील विद्यार्थ्यांचे लक्ष, कामगारांची मनःस्थिती मोजण्यासाठी विकली जात आहेत. युरोपीय संघाने कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत माणसांच्या भावना ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली. ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. अचूकता वाढेल, यंत्रे सुधारतील, असे सांगितले जाते. ती सुधारतीलही. तरी मूळ अडचण उरतेच. कॅमेऱ्याने चेहऱ्याचा जो अर्थ लावला तो चेहऱ्याच्या मालकाला सांगितला जात नाही. ‘मी रागावलेलो नव्हतो’ असे म्हणायला त्याला जागा नसते. क्लार्क यांनी वर्णिलेली पावती येथे फाडलीच जात नाही. हा संवाद नव्हे. गाडीशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ऐकवलेला भाव आहे.

जोहरी बाजारातला रुमाल उद्या कदाचित उरणार नाही. मोबाइलच्या पडद्यावर आकडा लिहून समोर धरणे सोपे आहे. पण त्या रुमालाखाली काही शतके एक साधी अट पाळली गेली: ज्याच्याशी बोलायचे त्याचा हात हातात घ्यायचा आणि आपण काय म्हटले हे त्याला कळल्याची खात्री करूनच हात सोडायचा.